माझ्या बागेत युरोपचा संडास

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. लढ्याची नोंद राहिली पाहिजे.
आपली द्राक्षं युरोपला पाठवायची तर एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं सर्टिफिकेट लागतं. त्यांची अट : बागेत मजुरांसाठी संडास, हात धुवायला साबण. नाशिक जिल्ह्यात, माझ्या बागेत, संडास असावा की नसावा हे परदेशातला माणूस ठरवणार! बांधणार नाही. प्रश्न संडासाचा नाही, देशाच्या सार्वभौमत्वाचा आहे.

५ जानेवारी
शेजारच्या सोमनाथला लढ्यात घ्यायला गेलो. म्हणाला, "माझा कंटेनर परवाच गेला. द्राक्षं ते खाणार, मग अटी त्यांच्याच ना?" त्याने संडास बांधलाय, वर टाइल्ससुद्धा. गुलामी. टाइल्स चांगल्या आहेत.

८ जानेवारी
ग्रामसभेत निषेधाचा ठराव मांडला. कोरम नव्हता. सरपंच लताबाई म्हणाल्या, "भाऊ, संडासाच्या विरोधात ठराव? वेशीवर हागणदारीमुक्तीचा बोर्ड लावलाय आपण." विषय पुढच्या सभेवर. हा नैतिक विजय समजतो.

१० जानेवारी
बायकोशी तात्त्विक चर्चा. ज्योत्स्ना म्हणते, "नको तर माल इथल्या मार्केटला द्या. कोणी जबरदस्ती केलीय? आपल्या मर्जीने करार करायचा आणि अटी वाचून बोंबलायचं!" तिला आंतरराष्ट्रीय कायदा कळत नाही. कढी निवत होती, जेवायला बसलो.

१३ जानेवारी
सर्टिफिकेटसाठी बागेची तपासणी सोळाला. साहेब नेदरलँडचा असावा. इंग्रजीत भाषण लिहिलं. 'सॉव्हरेन्टी'वर जीभ अडते. संध्याकाळपर्यंत जमेल.

१६ जानेवारी, दुपारी
साहेब आलाच नाही. तपासणीला स्नेहल नावाची मुलगी आली, देवळ्याची, कांदेवाल्यांच्या घरातली. भाषण तयार होतं म्हणून केलंच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "भाषण झकास शे, काका. पन संडास कोठे शे?"
मी ठणकावलं, आमच्या मजुरांची कधी तक्रार नाही. गोजराबाईला विचारा, अकरा वर्षं पेठहून येते.
गोजराबाईने कात्री खाली ठेवली. "सकाळपासून पानी पीत नाय आम्ही, ताई. पिऊन जायचं कुठं? तारेपल्याड गडी असत्यात. मागल्या साली माझी भाची चक्कर येऊन पडली ती त्याच्यानंच. दादाला चारदा सांगितलं. दादा म्हनला, बघू."
बाकीच्या बायका माना हलवत होत्या.
चारदा नसेल. तीनदा असेल.

१७ जानेवारी
संध्याकाळी बागेतला माठ पाहिला. काठोकाठ भरलेला. रोज तसाच असतो. मला वाटायचं, पेठची माणसं काटक.

१९ जानेवारी
राष्ट्रहिताचा फेरविचार केला. संडास बांधणार, पण स्वदेशी. गवंडी दिंडोरीचा, विटा सिन्नरच्या. कोणाच्या दबावाखाली नाही, स्वेच्छेने. ज्योत्स्नाने गवंड्याला काल संध्याकाळीच फोन केला होता, हा योगायोग.

२ फेब्रुवारी
स्नेहल पुन्हा आली. पास!
इस्त्रीचा शर्ट घालून मी सही करायला बसलो. तिने सातबारा मागितला. बाग सासऱ्यांनी ज्योत्स्नाच्या नावावर केलेली. सव्वीस वर्षांत डोक्यातून गेलंच होतं. मालक म्हणून सही ज्योत्स्नाने केली.
कागदावर सहीच्या आणखी दोनच जागा होत्या : साक्षीदार, आणि संडासाच्या साफसफाईची जबाबदारी घेणारी व्यक्ती.
साक्षीदार म्हणून गोजराबाईने आधीच सही केली होती.