गनीभाईंनी सुधारलेली अमेरिकन कादंबरी

मिरजगाव, बुधवार

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं दर पत्रात लिहितो, आज हात धजत नाही. अक्काचा गुडघा कसा आहे? (तेल लावायला सांगा, आणि हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.)

तुम्ही प्रस्तावना लिहिलेली ती शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन कादंबरी, म्हणजे तिच्या मराठी भाषांतराची नवी आवृत्ती, तुमच्या सहीसकट वाचनालयात पोचली. रविवारी तुमचं व्याख्यानही तिच्यावरच. आता आपल्याकडे नवं पुस्तक बांधणीवाल्या गनीभाईंकडून पुठ्ठा चढवून आल्याशिवाय कपाटात जात नाही. (चिटणीस या नात्याने हा नियम मीच केला.) गनीभाईंचं आयुष्य जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या बांधण्यात गेलं. सुटी पानं आधी तारखेवारी लावायची, मगच सुई घालायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी पुस्तक उसवलं, सहज चाळलं आणि हबकलेच. बाराव्या पानावर मेलेला नायक ऐंशीव्या पानावर बोहल्यावर उभा. छापखान्याने पानं उलटीपालटी केली अशी त्यांची खात्रीच पटली.

मग त्या सज्जन माणसाने आठ दिवस दुकान बंद ठेवून अख्खी कादंबरी तारखेवारी लावली. एकाच पानावर म्हातारपण आणि लहानपण शेजारी आलं तिथे कात्री आणि खळ वापरली. (कापलेल्या पानांचा मागचा मजकूर त्यांच्या मुलीने, कैनातने, सुवाच्य अक्षरात लिहून काढला.) तुमची प्रस्तावना सगळ्यात शेवटी गेली. मी हादरून विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, मेल्याव लगीन लावत्यात व्हय? आन् दाजींनी आधीच समदं सांगितल्याव मानूस पुढं कशाला वाचंल?" काळाची ती उलथापालथ हाच ग्रंथाचा प्राण, असं तुम्ही चाळीस पानं लिहिलंय.

पुढचं त्याहून भयंकर आहे. पुस्तकासाठी नंबर लागलेत. अंगणवाडीच्या चांगुणाबाई वाचून रडल्या. अजिनाथ टेम्पोवाला तर नायकाच्या दगाबाज भावाचं नाव काढू देत नाही. रविवारी हे सगळे पुढच्या रांगेत बसणार. तुम्ही म्हणाल गोष्ट क्रमाने नाही, ते म्हणतील आहे, आणि तुमच्या सहीची प्रत वर करून दाखवतील. माझं काय व्हायचं ते होवो, पण भर सभेत तुमची शोभा झालेली मला बघवणार नाही. काहीतरी निमित्त काढून व्याख्यान पुढे ढकला.

आपला मेहुणा,
रंगनाथ

ता.क. पाडव्याच्या जेवणावर मी सांगितलं होतं की जुनी आवृत्ती दोनदा वाचली आणि रडलो. सतराव्या पानापुढे मी कधी गेलोच नव्हतो. ही मात्र दोन दिवसांत वाचली, आणि रडलो हे खरं.

ता.क. २. व्याख्यान ढकलू नका, याच. येताना त्या लेखकाची दुसरी कादंबरीही आणा. गनीभाईंनी कात्रीला धार लावून ठेवलीय.