बारा जणांना न उचलवणारी गाडी व माझी इतर मालमत्ता

मी, सत्यवती, कै. भीमाचार्य यांची मुलगी, वय त्रेसष्ट, धंदा पूर्वी इतिहास शिकवणे व आजतागायत भाषणे करणे, राहणार बसवनगुडी, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल शहरात दुमत असल्याचे मला ठाऊक आहे, म्हणून डॉक्टर विमला यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, भुरळ घातलेली नाही. माझा पुतण्या चंद्रकांत, वकील, याने इंग्रजीत टाइप करून आणलेला मसुदा मी वाचला, त्यातले व्याकरण सुधारले आणि तो परत दिला. त्याला मृत्युपत्र समजू नये. हे मराठीत आहे, कारण कानडी मी व्यासपीठावर वापरली, इंग्रजी पगारासाठी, आणि घरातली भांडणे आम्ही पहिल्यापासून मराठीतच करतो.

कलम १. माझी मालमत्ता अशी: बसवनगुडीच्या घराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग, जो मी माझ्या पगारातून बांधला, बँकेत जे काही असेल ते, नऊ कपाटे पुस्तके, आणि आठ सिलिंडरची एक अमेरिकन मोटार. घराच्या पूर्वेकडच्या भागावर माझा हक्क नाही. तिथे चंद्रकांत, त्याची बायको आणि त्याची सावत्र आई अंबुबाई राहतात. अंबुबाई म्हणजे माझे थोरले भाऊ कै. कृष्णमूर्ती यांची दुसरी पत्नी. चंद्रकांत सात वर्षांचा असताना ती या घरात आली आणि तिने त्याला वाढवले. तो तिला चिक्कम्मा, म्हणजे धाकटी आई, म्हणतो आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊ देत नाही.

कलम २. पुस्तके, वकिली सोडून, हेमलताबाईंच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने केलेली शेरेबाजी खोडू नये. कित्येक पुस्तकांत वाचण्यासारखे तेवढेच आहे.

कलम ३. आमच्या परसात, न्हाणीघराच्या मागे, एक स्टेपनी चाक आहे. ते डॉक्टर विमला यांना द्यावे, कारण ज्या गाडीचे ते आहे ती गाडी मी त्यांना विकली. चिकमगळूरचा एक गोरा मळेवाला देश सोडून चालला होता, त्याच्याकडून मी ती १९५४ साली घेतली होती. दोन दारे, दोन माणसे, वर पक्के छप्पर, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. वळणावर ती अशी वळायची की मागे बसायला जागा नाही याचा आनंद व्हावा. आमच्या नातेवाइकांची संख्या लक्षात घेता ती सोय मोठीच होती.

त्या गाडीच्या जिवावर मी दहा वर्षे ‘लागेल तेवढेच’ हे व्याख्यान दिले. माणसाने हलके असावे, घर हलके, देव हलका, गाडी हलकी, असे मी सांगत असे आणि शेवटी दाराबाहेर उभ्या गाडीकडे बोट दाखवत असे. टाळ्या मिळत. आता सांगायला हरकत नाही, की गाडी लहान घेतली ती तत्त्व म्हणून नव्हे. मला ती आवडली होती. तत्त्व नंतर सुचले.

कलम ४. चामराजपेटेतील व्यापारी देवाप्पा यांना, वजनकाट्याची एक पावती, चौकटीत बसवून. कारण पुढीलप्रमाणे.

१९६४ च्या एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी मी रस्त्याच्या मधोमध उगवलेल्या एका देवळाविरुद्ध भाषण केले. आदल्या वर्षी तिथे एक दगड होता, मग दगडाला शेंदूर, मग पत्रा, मग पेटी. मी म्हटले की वर्षभरात हा देव रहदारीच्या नियमांतून सुटतो, मग सायकलवाल्यालाच दंड का. देवाप्पा त्या देवळाचे विश्वस्त. त्यांनी सगळे शेवटपर्यंत ऐकले. मी भाषण संपवून गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी वर गेली. बारा जणांनी ती माझ्यासकट उचलली, वीस पावले नेली आणि दोन नारळांच्या झाडांमध्ये आडवी ठेवली. पुढे वीतभर जागा, मागे वीतभर. दोन्ही दारांना माणसे टेकलेली, दार उघडेना. देवाप्पांनी काचेशी वाकून अतिशय अदबीने विचारले, “अक्का, हे लागेल तेवढंच झालं का, की अजून थोडं सरकवू?”

इतके नेमके उत्तर मला कुठल्याही सभेत मिळाले नव्हते. दोन तास मी त्या झाडांमध्ये बसून होते. लोक येऊन पाहून गेले. एका बाईने काचेवर हळदकुंकू लावले. त्या दोन तासांत मी ठरवले, की पुढची गाडी अशी घ्यायची जी बारा जणांना उचलवणार नाही.

कलम ५. ती मिळाली. इथल्या एका कारखान्यात आलेला अमेरिकन इंजिनिअर परत चालला होता, त्याची. सरकारी परवानग्या मिळायला सात महिने गेले. दारे याही गाडीला दोनच, पण बॉनेट एवढे लांब की समोरचा माणूस आधी बॉनेटला भेटतो आणि मग मला. वजन सोळाशे किलो. त्याचीच पावती वरच्या कलमात आहे. माझा मेकॅनिक यल्लाप्पा हा मूळचा बेळगावकडचा. कलासिपाळ्यम येथे त्याचे गॅरेज आहे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “बाई, हिला उचलाय बारा माणसं न्हाई, बारा गावं लागतील बघा.” माझ्या हत्यारांची पेटी, जॅक आणि रबरी हातमोजे यल्लाप्पाला द्यावेत. माझा विरोध असूनही त्याने आयुधपूजेला या गाडीपुढे कोहळा फोडला आणि चाकांखाली लिंबे ठेवली, ते मी त्याला माफ करते. लिंबे मी सरबताला वापरली.

गाडी बदलल्यावर माझ्यावर टीका झाली. वर्तमानपत्रांत पत्रे आली. टाऊन हॉलमध्ये एका गृहस्थाने उभे राहून विचारले, की नवी गाडीसुद्धा लागेल तेवढीच का. मी म्हटले, हो, तुमच्यासारख्यांना लागेल तेवढी. सभा हसली, पण मला माहीत आहे की तो प्रश्न बरोबर होता. त्या गाडीचा आवाज मला आवडतो. पायाखाली एवढी ताकद असून ती न वापरता बैलगाडीमागे चालणे, यात जी मजा आहे ती हलक्या गाडीत नाही. हे मी व्यासपीठावरून कधी कबूल केले नाही. इथे करते.

कलम ६. हे कलम गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकाबद्दल आहे. ते डाव्या बाजूला आहे.

पहिल्यांदा मी ती एकटीने देवनहळ्ळीकडे नेली. पुढे लॉरी असली की डावीकडे बसलेल्याला पलीकडचे काही दिसत नाही. पाहण्यासाठी गाडी अर्धी बाहेर काढावी लागते, आणि तोवर समोरून बस आलेली असते. मी जिवंत परतले. यल्लाप्पाने किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि सांगितले, की उजव्या सीटवर दोन डोळे बसल्याशिवाय ही मिळणार नाही. एवढ्या मोठ्या घरात सकाळी अकरा वाजता मोकळे असे दोनच डोळे होते, अंबुबाईचे. आणि आमचे बोलणे नव्हते.

ते का नव्हते, हे लिहिले पाहिजे. १९४१ साली माझ्या भावाने, वय चाळीस, वीस वर्षांच्या अंबुबाईशी दुसरे लग्न केले. मी त्या लग्नाच्या मांडवात, अंतरपाट धरलेला असताना, उठून विजोड विवाहाविरुद्ध तासभर बोलले. भटजी थांबले, मुहूर्त टळला, वर्तमानपत्रांनी छापले. माझ्या सर्व भाषणांत ते उत्तम होते. त्यानंतर लग्न झालेच, आणि आम्ही दोघी चोवीस वर्षे एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो.

तरी मी विचारल्यावर ती आली. पहिल्या दिवशी ती डोळे मिटून बसली. मी म्हटले, डोळ्यांसाठीच तुला आणले आहे. मग तिने उघडले. चार दिवसांत ती समोर मोकळे दिसले की ‘होगी’ म्हणू लागली, म्हणजे कानडीत ‘जा’, आणि काही आले की ‘निल्ली’, म्हणजे ‘थांबा’. महिन्याभरात तिचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला झाला. मंड्याच्या उसाच्या गाड्यांमधून तिने मला अशी काढली की मी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही.

नेलमंगलच्या फाटकाशी आम्ही एकदा मालगाडीची वाट पाहत होतो. इंजिन बंद होते. ती समोर पाहतच म्हणाली, “त्या दिवशी मांडवात तुम्ही तासभर बोललात, अक्का. मला एक शब्द विचारला नाहीत.”

मी विचारले, विचारला असता तर काय म्हणाली असतीस.

“म्हटलं असतं, लग्न मोडलं तर मी रात्री झोपायचं कुठं, तेवढं आधी सांगा. मग बोला हवं तेवढं.”

फाटक उघडले, मागच्या लॉऱ्यांनी हॉर्न वाजवले, तरी मला किल्ली फिरवायचे सुचेना. तेव्हा तिनेच सांगितले, “होगी.” आणि फाटकापलीकडे गेल्यावर म्हणाली, की मला चालवायला शिकवा.

कलम ७. चंद्रकांतला माझी वकिली पुस्तके, ती नवीच आहेत, आणि पुढील माहिती.

मारतहळ्ळीकडच्या मोकळ्या रस्त्यावर, शेतांच्या मधून, अंबुबाई सहा महिन्यांत गाडी चालवायला शिकली. तुला कळले तेव्हा तू जेवताना म्हणालास, “चिक्कम्माला गाडी कशाला? तिला जायचंय कुठं?” आणि ती भात वाढता वाढता म्हणाली, “पोचले की कळवीन.” तू ते विनोद म्हणून घेतलेस. तो विनोद नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे ऐकून मला चाक सोडायला लावले. आठवड्याच्या आत तू गाडीला गिऱ्हाईक आणलेस, एक कंत्राटदार, जो डिकीत सिमेंटची किती पोती बसतील ते माझ्यादेखत मोजत होता. मग तू मसुदा आणलास. त्यात माझा अर्धा भाग तुझ्याकडे येतो, तू तो भाड्याने देतोस, आणि अंबुबाईला ‘कुटुंबाच्या सोयीनुसार’ स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहण्याची मुभा मिळते. ती खोली मी पाहिली आहे. तिच्या दाराला कडी आहे, पण बाहेरून. तू दुष्ट नाहीस, चंदू. तू आमच्यासारखाच आहेस, तिच्याबद्दल तिच्यावाचून ठरवणारा.

तिला लायसन मिळणार नाही असे तू म्हणाला होतास. गेल्या सोमवारी तिची परीक्षा झाली. निरीक्षक आप्पाजीराव उजव्या सीटवर बसले. तिने त्यांना सांगितले, की मला पलीकडचे दिसत नाही, तुम्ही होगी म्हणाल तेव्हाच मी जाईन, तेव्हा नीट बघून बोला. म्हैसूर रस्त्यावरून परतल्यावर आप्पाजीरावांनी रुमालाने कपाळ पुसले आणि म्हणाले की परीक्षा त्यांचीच झाली. लायसन माझ्यासमोर टेबलावर आहे. फोटोत ती हसलेली नाही.

कलम ८. मी मेल्यावर शोकसभा घेऊ नये. दोन मिनिटे शांतता तर मुळीच पाळू नये, मला ती कधी जमली नाही. तेराव्याचे जेवण कोणाला घालायचेच असेल तर ज्यांनी गाडी उचलली त्या बारा जणांना घालावे. कष्टाचे काम होते.

कलम ९. घर, शिल्लक आणि गाडी यांबद्दल.

या कलमाचा पहिला खर्डा मी गुरुवारी केला. सर्व काही अंबुबाईला दिले होते, पण अकरा अटींवर. घरात पूजा सांगायला भटजी येऊ नये. गाडी विकू नये. गाडीपुढे कोहळा फुटू नये. दरवर्षी एका मुलीला चालवायला शिकवावे. पुढच्या सात अटी आणखी उदात्त होत्या. खर्डा मी तिला मोठ्याने वाचून दाखवला, चांगला वाचला. ती भाजी निवडत होती. अकरावी अट संपल्यावर तिने विचारले, “अक्का, मेल्यावरही तुम्हीच बोलणार का?”

मी कागद खाली ठेवला. आणि सत्तावीस वर्षांनी तिला विचारले, की तुला काय हवे.

तिने बराच वेळ विचार केला. मी मध्ये बोलले नाही. ते किती अवघड होते हे इथे नोंदवून ठेवते. मग ती म्हणाली, गाडी हवी, आणि आतून कडी लागेल असे दार हवे. भटजीचे काय ते ती बघेल. कधी बोलावील, कधी नाही बोलावणार.

म्हणून हे कलम असे: घराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग, बँकेतली शिल्लक आणि मोटार, अंबुबाईला. अट नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टर विमला यांनी करावी. हे मी वाचले, तिलाही वाचायला दिले, आणि तिने एका ठिकाणी माझे दोन शब्द खोडले. ते मी परत लिहिलेले नाहीत.

बसवनगुडी, बेंगळूर
सोमवार, १२ फेब्रुवारी १९६८

(सही) सत्यवती

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही:

१. (सही) हेमलता, ग्रंथपाल, गांधी बाजार
२. (सही) आप्पाजीराव, मोटार वाहन निरीक्षक. सही करणाऱ्या बाई शुद्धीवर होत्या. आम्हाला इथे गाडीतून आणणाऱ्या बाईही होत्या.