तोमासाला नाकतोडा खाऊ घालायचा

९ सप्टेंबर

आज पुन्हा तुडवला! लसूणघासाचा वरचा सगळा पट्टा. उजाडायच्या आत शेजारची तोमासा झोळी घेऊन हजर. मी ओरडलो तर वर मलाच म्हणते, "नाकतोड्यांनी खाल्लेला मळा बरा का मी तुडवलेला, ते एकदा ठरवा म्हातारबुवा."

गावची रीतच तशी, त्याला मी काय करणार. पहाटे गारठ्यानं नाकतोडे आखडलेले असतात, तेव्हा कुणीही कुणाच्याही घासात झोळी फिरवावी. मालकानं ब्र काढायचा नाही. भाजून झाले की वाटीभर बांधावरच्या दगडावर ठेवायचे, फिटंफाट.

वाटी ठेवून गेली होती. लसूण, लिंबू, मीठ — अगदी बेताचं. पण हे तिला कोण सांगतंय!

गुडघा दुखतोय. पाऊस लांबणार.

११ सप्टेंबर

तोमासाचा मुलगा अबुंदियो आला उत्तरेहून, सरहद्दीपलीकडून. मिसरूड फुटायच्या आधी गेला होता, आता पोट सुटलंय. पायात पांढरे बूट. आमच्या चिखलात, पांढरे बूट!

आईनं तव्यावरचे गरम नाकतोडे पुढं केले तर म्हणे, "आई, किडे काय खायचे." सगळ्या आळीनं ऐकलं.

१२ सप्टेंबर

तो तिला न्यायला आलाय. कायमची.

छातीत धडधडतंय. बहुतेक दुपारच्या मिरचीनं.

१५ सप्टेंबर

काम सुचेना. बांधावर बसून एक नाकतोडा धरला आणि निरखून पाहिला. पंख म्हणायला आहेत, पण कसले! धुऊन आटलेल्या सदऱ्याच्या बाह्या. उडता येत नाही. उडी मारतो ती त्याच मळ्यात पडतो, तिथंच खातो, तिथंच मरतो.

याचे भाऊबंद तसे नाहीत. लांब पंखांचे टोळ मी लहानपणी एकदा पाहिले. आभाळ काळं केलं, मका फस्त केला आणि गेले, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिसरा तो हिरवा, लांब मिशांचा. झुडपात बसून नुसता किरकिरतो, खायच्याही कामाचा नाही. एकाच घराण्यात उडून जाणारे, राहणारे आणि किरकिरणारे.

अबुंदियोला पंख आहेत. तोमासाला नाहीत, पण तो तिला उचलून नेणार. हे बहिणीला बोलून दाखवलं. सिप्रियाना म्हणाली, "आणि किरकिरणारा कोण ते कळलं."

हिच्याशी बोलायची सोय नाही.

१६ सप्टेंबर

आज स्वातंत्र्यदिन. चौकात झेंडा, बँड, पोरांची भाषणं. माझं लक्ष नव्हतं. सिप्रियाना समजूत घालत होती — अरे, जाईल तशी येईल. इथला नाकतोडा ज्यानं खाल्ला तो कुठंही गेला तरी परत येतो, हे काय नवीन आहे का.

आणि मला तेव्हाच आठवलं. तोमासानं तो कधी खाल्लेलाच नाही! जन्म गेला धरण्यात, भाजण्यात, बाजारात बसून विकण्यात, पण एक तोंडात घातला नाही. म्हणते, "रोज त्यांचे डोळे बघते, मग घशाखाली उतरत नाही." म्हणजे ही गेली की गेलीच!

पाद्रीबाबांना विचारावं का? नको. ते आधी हसतील, मग तिला सांगतील.

तिला न कळता खाऊ घालायचा. ठरलं.

१९ सप्टेंबर

सिप्रियानानं नाकतोडे भाजून दिले. मी पाट्यावर सुक्या मिरचीबरोबर वाटले, मीठ घातलं आणि संत्र्याच्या चकत्यांवर भुरभुरवले. कुणाच्या बापाला कळणार नाही. ताटली झाकून पोचवली. "जायच्या आधी आमचं काही खा," म्हटलं. तोमासा ताटलीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. परत झाकताना एक चकती सांडली माझ्या हातून. म्हातारपण, दुसरं काय.

उरलेले घरी आम्ही खाल्ले. माझ्या कवळीत त्यांचे पाय अडकले, ठसका लागला, मेलोच असतो! म्हटलं, तोमासाच्या नाकतोड्यांना पाय कसे नसतात? भाजताना गळत असतील.

सिप्रियाना माझ्याकडं बघतच राहिली. "गळत असतील? अरे शहाण्या, तुझी कवळी आली तेव्हापासून ती तुझ्या वाटीतल्या एकेकाचे पाय उपटून ठेवते."

२० सप्टेंबर

ताटली परत आली. रिकामी, घासलेली. "फार छान होतं," म्हणाली!

पण एवढुशा पुडीनं भागेल का? उत्तर लांब आहे.

२३ सप्टेंबर

काळ्या घेवड्याच्या वाटणात मूठभर कालवले. ताटली रिकामी परत.

२६ सप्टेंबर

मिरच्या आणि चॉकलेटच्या काळ्या रश्श्यात. त्यात घोड्याचा नाल घातला तरी दिसायचा नाही. भांडं चाटूनपुसून परत. आणखी आहे का, असंही विचारलं!

२७ सप्टेंबर

पाप लागेल का?

२९ सप्टेंबर

त्या अबुंदियोचं काही ठीक दिसत नाही. सकाळी माझ्या बांधावरून चालला होता. पाणी कुठून येतं, घास वर्षातून कितीदा कापता, कडेची पड जमीन कुणाची — नाही नाही ते विचारत होता. वाकून मातीचं ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. माझ्या मळ्यावर डोळा आहे याचा! आईला नेतोय ते नेतोय, आता जमीन पण?

गालावर मांस आलंय. बूट आता पांढरे म्हणवत नाहीत.

२ ऑक्टोबर

तिकिटं काढली. शनिवारी सकाळची बस. म्हणजे एवढं खाऊनही बाई निघालीच. आता परत येण्यावरच भरवसा. आणि त्याआधी मीच गेलो तर?

पहाटे झोळी घेऊन आली, वरचा पट्टा तुडवला. मी काही बोललो नाही. तर थांबली.

"आज भांडण नाही?"

गुडघा दुखतोय म्हटलं.

"ताटल्या पण संपल्या वाटतं तुमच्या घरातल्या," म्हणाली आणि वळली. पाठमोरी हसत होती की काय, शालीच्या पदरानं तोंड झाकलेलं, कळलं नाही.

शनिवार

गेलो नाही नाक्यावर. कशाला? सिप्रियाना गेली असेल. मी पाटाचं पाणी बघत उभा राहिलो. बसचा भोंगा वाजला. लांबवर वाजवतात, मेले.

दगडावर वाटी नाही.

रविवार

पहाटे घासात झोळीचा आवाज! सप — सप. पडलो होतो तसाच अनवाणी धावलो.

अबुंदियो. गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेला, झोळी उलट्या हातानं मारतोय, निम्मे नाकतोडे बाहेर सांडतायत.

"माफ करा काका, तुडवलं तुमचं."

बस गेली ना, विचारलं.

गेली, म्हणाला. ट्रंका टपावर चढवून झाल्या होत्या. पायरीवर पाय ठेवला आणि पुढचा पाय उचलेना. उतरवल्या ट्रंका. आता ती कडेची पड जमीन कसायला मिळते का बघतो. म्हणजे माझ्या मळ्यावर नव्हता डोळा! बोलता बोलता खिशातून भाजलेले नाकतोडे काढून तोंडात टाकत होता.

"किडे ना ते?" मी म्हटलं.

लाजला. आईच्या हातचं खाऊन खाऊन सवय लागली म्हणे.

आणि आई?

"ती घरात भाजतेय. ती तर निवांत होती, काका. बस उभी असताना खाली बसून शेंगा खात होती."

सोमवार

आज आली. वाटी दगडावर ठेवली. संत्री, घेवडा, रस्सा — सगळं अबुंदियोला घातलं म्हणाली. वर आणखी मागून घातलं. "मला खाऊ घालून काय होणार होतं, म्हातारबुवा? न्यायला तो आला होता."

वरचा पट्टा तुडवत गेली. वाटीत एकालाही पाय नाही.