तो आवाज आर्मिनचा नाही

बुडापेस्ट,
११ नोव्हेंबर १९४७

प्रिय रोझामावशी,

तुमचं पत्र आणि बदकाच्या चरबीचा डबा, दोन्ही पोचले. पावाला लावून रोज खाते आहे. गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. थिएटरात हल्ली नायिकेच्या आईची कामं मिळतात. तीन वाक्यं बोलायची आणि एकदा रडायचं.

दर रविवारी दुपारी रेडिओवर तुमच्या मुलाचं, आर्मिनचं गाणं लागतं, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही कान जाळीला लावून बसता आणि शेजारीण ओरडते, "अहो आजी, रेडिओत शिरताय की काय!" पुढे लिहिलंत, "पोराचा आवाज जरा जड लागलाय. गाताना सर्दी झाली असेल. तू त्याला लिंबाचा चहा द्यायचास की गं!" आणि त्या गाण्याची ग्रामोफोनची तबकडी पाठवायला सांगितलीत.

उत्तर तीनदा लिहून फाडलं. मावशी, ती सर्दी नाही. तो आर्मिन नाही.

ऑपेरेटातलं, त्या संगीत नाटकातलं, होडीतलं प्रेमगीत आम्ही दोघं छत्तीस साली तबकडीसाठी गायलो. पावाच्या रांगेतल्या पोरीसुद्धा ते गुणगुणायच्या. बेचाळीसमध्ये ज्यू म्हणून त्याला सक्तीच्या कामाच्या तुकडीत रशियात, डॉन नदीकडे नेलं. त्याच उन्हाळ्यात तबकड्या काढणाऱ्या कंपनीनं त्याचं नाव काढून टाकलं आणि गाणं नव्यानं भरलं, माझ्याबरोबर दुसरा गायक घेऊन. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

तेव्हा तबकड्या बनवायला लागणारी लाख मिळत नव्हती. नवी तबकडी हवी तर दुकानात दोन जुन्या मोडीत द्याव्या लागत. आर्मिनच्या माझ्याकडे दोन होत्या. एक माझी, एक जाताना त्यानं तुमच्यासाठी ठेवलेली. दोन्ही मी दिल्या. दुकानदारानं समोरच फोडून पेटीत टाकल्या.

नाइलाजानं दिल्या, असं लिहिणार होते. पण घरात इतरांच्या आणखी दहा-बारा जुन्या तबकड्या होत्या, त्यांना मी हात लावला नाही. नव्या तबकडीत माझा वरचा सूर जास्त टिकला होता. जुनी कुणी लावू नये, असं मला वाटलं. तो परत येईल आणि आम्ही पुन्हा गाऊ, असंही वाटलं होतं. तो आला नाही.

गेलं वर्षभर शहरात विचारत फिरते आहे. आर्मिनच्या आवाजातली एकही तबकडी सापडली नाही.

तुम्ही मला सूनबाई लिहिता. यापुढे लिहू नका. रविवारी ते पुन्हा लावतील. ऐकायचं की बंद करायचं, ते तुम्ही ठरवा. त्यातली बाई मात्र मीच आहे, आणि फार सुरेख गायले आहे.

विल्मा