चौघांचं कार्ड

ती. दौलतदादास,
सौदीतल्या यान्बूहून पंकजचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे, कॅम्पातलं जेवणही बरं आहे. फक्त डोकं फिरलंय.

तुझ्या संग्रहाला त्या बेसबॉल खेळाडूचं, त्याचा फोटो छापलेलं पहिलं कार्ड हवं होतं ना? आमच्या अमेरिकन साहेबाने परवा दोन जुनी कार्डं पुढे केली, म्हणाला एक घे. एकावर त्याच्यासकट चार नवख्यांची नखाएवढी तोंडं, दुसऱ्यावर तो एकटाच, ऐटीत. मी एकट्याचं उचललं. वर शहाणपणा करून लॅमिनेट केलं, रेशनकार्डासारखं!

आज साहेब म्हणतो, पहिलं कार्ड चौघांचंच. कार्डं छापणाऱ्या मोठ्या कंपनीच्या संचात तो आधी त्यातच छापला गेला. तोंड केवढं दिसतं ते कोणी बघत नाही. एकट्याचं पुढच्या वर्षीचं. आणि लॅमिनेट केलेल्याला तर कोणी हात लावत नाही. अरे, मग आधी सांगायला काय झालं होतं? चौघांचं फिलिपिनो वेल्डर घेऊन गेला. खलास!

आईचे गुडघे कसे आहेत? साइटवरचा फोटो तिला दाखवलास का? हेल्मेट घातलेली चाळीस माणसं आहेत, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी. माझा इथला पहिला फोटो तोच. तिला सापडलो नाही, तर बोट ठेवून दाखव.

तुझा,
पंकज