बाईच्या पायाशी खणलं

वडगाव रासाई, ता. शिरूर
१४ मार्च १९७६

ती. रंभाताईस,

धाकट्या बन्सीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे पाटसला तुम्हीही असाल. गहू खळ्यात आला. म्हैस आटली, म्हणून आई दिवसभर तिच्यावर चिडते आणि उरलेला राग माझ्यावर काढते. दाजींना नमस्कार सांग.

तू चैत्रात यायचं लिहिलंस, त्याला महिना झाला. ‘ये’ लिहायला हात चालेना, म्हणून उत्तर लांबलं.

आपल्या मळ्यातल्या दगडाच्या बाईला आता भाव आलाय. पुण्याहून खोदकामवाले साहेब आले होते. जिच्या खांद्यावर चढून आपण बोरं पाडायचो, ती म्हणे तीन हजार वर्षांची. तोंड नाही, पण खांदे आणि पोटावर धरलेले हात माणसानंच कोरलेत. साहेबांनी मला तिच्याशेजारी उभं करून फोटो काढला. मीही छाती फुगवून उभा राहिलो.

मग ते म्हणाले, "हिच्या पायाशी खणलं तर चालेल?"

"खणा की साहेब. कुणाची आडकाठी न्हाई."

मला तेव्हा आठवलं नाही, असं लिहिणार होतो. पण आठवलं होतं, ताई. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या दीड महिन्याच्या म्हाळूला तिथंच पुरलं. तो खड्डा मीच काढला होता. पण फोटोच्या नादात वाटलं, एवढंसं लेकरू, त्याचं काय उरलं असेल?

हातभर खाली इवलीशी हाडं लागली. मनगटापाशी काळे मणी होते. पुरताना बारशाच्या मनगट्या काढू देणार नाही म्हणून तू आईशी भांडली होतीस, त्याच त्या. साहेब वाकून बघत म्हणाले, "हे काही जुनं नाही. कुणाचं आहे, माहीत आहे का?"

सगळा गाव कडेला उभा होता. म्हाळूला पुरताना माझ्याबरोबर असलेला गेणबामामा माझ्या तोंडाकडं बघत होता. पोलीस येतील, पंचनामा होईल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, "न्हाई साहेब, आमच्यातलं न्हाई."

तरी तपासायला म्हणून त्यांनी हाडं कापसात गुंडाळून खोक्यात ठेवली. त्यांची जीप नदीच्या वाळूत रुतली, तर ढकलायलाही मीच गेलो.

गेल्या सोमवारी पुण्याला साहेबांच्या कचेरीत जाऊन आलो. तिथला शिपाई म्हणाला, "जुनं नसलेलं आम्ही ठेवत नाही, टाकून देतो." कुठं टाकता विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं. परत येताना शिरूरला एस.टी.तून उतरलो आणि स्टँडवरच बसून रडलो. लोक बघत होते.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. गेणबामामा माझ्याशी बोलत नाही. खड्डा बुजवलाय, वरून काही कळत नाही. तू येऊन तिथं हात टेकशील, आणि खाली काही नाही हे ठाऊक असून मी शेजारी उभा राहीन, एवढं माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून लिहिलं. ये म्हणवत नाही, येऊ नकोस असंही म्हणवत नाही. माफी तर मागायचीच नाही, असं ठरवूनच लिहायला बसलो होतो.

तुझ्या लेकराला परकं म्हणणारा,
त्याचा सख्खा मामा,
बन्सी