आमच्या गावच्या, ओळखीच्या

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज खोटं बोलले. ठरवून नाही — पण बोलले!

आमच्या मिशनच्या दवाखान्यात, महिला वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर नवीन आजी आल्या आहेत. मंगलाताई. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. राहायला फ्रीगंजमध्ये. मुलाशी मराठीत बोलत होत्या. मराठी! उज्जैनला आल्यापासून मी कुणाशी मराठीत बोललेच नव्हते. प्रार्थना हिंदीत, भांडण हिंदीत, हल्ली स्वप्नंसुद्धा हिंदीत पडतात.

धावतच गेले. "आजी, उशी नीट करू का?"

काय उजळला चेहरा त्यांचा! "अगं, तू तर आपली निघालीस! कुठली तू बेटा? आडनाव काय?"

साळवे म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं — कुलकर्णी. आमच्या शाळेत कुलकर्णी बाई होत्या, त्यांचं आडनाव. का पडलं ते मला पक्कं ठाऊक आहे. साळवे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "कुठले साळवे?" मग बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो. तो बदलणारा चेहरा मी लहानपणापासून बघत आले.

"नर्सिंग शिकतेस ना इथे?"

"हो आजी."

गळ्यातला क्रूस कुर्त्याच्या आत सरकवला. चर्चची सिस्टर, नन व्हायला निघालेली मुलगी!

१७ फेब्रुवारी

आजींच्या डब्यात आज भरली वांगी होती. मला अर्धी काढून दिली. "हे सिस्टर लोक चांगले आहेत गं, पण खाना एकदम फीका." खाल्ली. दोनदा मागून खाल्ली.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला कपाळाला राख लावून घेतली, क्रुसाच्या आकाराची. वॉर्डात जायच्या आधी नळावर गेले आणि पुसली. ओढणीच्या टोकाने, घासून. आरशात बघून खात्री केली.

अमृताने पुसली नाही. का पुसेल? अमृता मेडा, झाबुआकडची. माझ्या शेजारची खाट तिची. या वर्षी आम्ही सहाजणी सिस्टर व्हायची तयारी करतोय, त्यांतली माझ्या सगळ्यात जवळची. मी नवीन असताना रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, तेव्हा ती काही न विचारता माझे केस विंचरत बसायची.

तर ती आजींसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली. आजींनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग हातावरच्या गोंदणाकडे. आणि मला म्हणाल्या — मराठीत, तिला कळू नये म्हणून — "तू दे गं. तिच्या हातचं मला नाही चालत. ते आदिवासी लोक, त्यात ईसाई झालेले. समझ गई ना?"

"आदिवासी" आणि "ईसाई" कळायला मराठी कशाला यायला हवं? अमृता ग्लास घेऊन तशीच उभी.

आणि मी काय केलं? उठले. दुसरा ग्लास घेतला, माठातून भरला, आजींना पाजला.

माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतायचे. ओंजळीत. ती सांगायची तेव्हा मी संतापाने लाल व्हायचे. "मी असते तर दाखवलं असतं!" म्हणायचे.

होते ना आज मी तिथेच.

१९ फेब्रुवारी

अमृता बोलत नाही असं नाही. "साबुन दे." "बत्ती बंद कर." एवढं बोलते.

२२ फेब्रुवारी, रविवार

आमच्या मिस्ट्रेस सिस्टर, म्हणजे आम्हाला तयार करणाऱ्या सिस्टर, यांनी आज एकेकीला बोलावून विचारलं. पुढच्या महिन्यात नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याच्या पुढच्या टप्प्यात प्रवेश, पांढरी साडी. मन तयार आहे का?

मी म्हटलं, "हाँ सिस्टर."

"कुछ कहना है?"

"नहीं सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. की मलाच तसं वाटलं!

२४ फेब्रुवारी

आजी रोज माझी वाट बघतात. आज त्यांचे पूर्वज इथल्या जुन्या संस्थानाच्या दफ्तरात कसे होते, पुण्याहून घोड्यावर कसे आले, ते सांगितलं. वेणी घालून मागितली. त्यांचे केस मऊ, पांढरे, आईच्या केसांसारखा वास — खोबरेल तेलाचा. मला त्या आवडतात. हेच तर वाईट आहे. आवडल्या नसत्या तर सोपं होतं. मुलगा श्रीधरकाका मला "विनोदिनीताई" म्हणतात. बँकेत मोठे अधिकारी, आणि मला ताई!

अमृताची ड्यूटी आता दुसऱ्या वॉर्डात आहे. तिने स्वतः मागून घेतली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई आली होती.

नीट लिहिते. सगळं लिहिते.

दुपारी आजींना वरणभात भरवत होते. दारातून हाक आली — "विनू!" वळून पाहिलं तर आई. हातात कापडी पिशवी, रात्रभराच्या प्रवासाने साडी चुरगळलेली, पायांत रबरी चपला. कळवलं नव्हतं, काही नाही. एकटी श्रीरामपूरहून इंदूरला, तिथून इकडे! एकट्याने ती नगरलासुद्धा जात नाही.

आजी म्हणाल्या, "कोण गं या?"

मी आईकडे पाहिलं. आई हसत होती.

म्हटलं, "आमच्या गावच्या. ओळखीच्या."

आईचं हसू तिथेच राहिलं. गेलं नाही, पण पुढेही सरकलं नाही.

आजी प्रेमाने म्हणाल्या, "अच्छा अच्छा! या, बसा. म्हणजे कुलकर्ण्यांकडे कामाला असता वाटतं?"

आईने "कुलकर्णी" ऐकलं. माझ्या गळ्याकडे पाहिलं, तिथे क्रूस दिसत नव्हता. समजली ती. एका क्षणात सगळं समजली. आणि म्हणाली, "हो आजी. भांडी घासते त्यांच्याकडे."

खोटं नव्हतं. मी बालवाडीत असताना आई खरंच कुलकर्णी बाईंकडे भांडी घासायची.

मग आई बसली नाही. दाराशीच उभी राहिली, कामवाल्या बाईसारखी. माझी अब्रू राखत.

भरवून झाल्यावर फाटकाबाहेर आलो. मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाली, "असू दे. ही चटणी घे. शेंगदाण्याची आहे, मैत्रिणींनाही दे."

"अशी अचानक कशी आलीस?"

"तुला बघावंसं वाटलं."

"राहा ना आज. पाहुण्यांची खोली असते. सिस्टर ठेवून घेतील."

"नको गं. सुमीतच्या जेवणाचे हाल होतात." सुमीत माझा भाऊ, एकवीस वर्षांचा घोडा! त्याचे कसले हाल? पण मी धरून ठेवलं नाही. तिने माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. रस्त्यावर, लोकांसमोर. आणि खरं सांगते — मी तेव्हासुद्धा मागे वळून पाहिलं. वॉर्डाच्या खिडकीकडे.

रिक्षात बसून देवास गेटच्या बसस्टँडला गेली. आल्या पावली.

२८ फेब्रुवारी

मिस्ट्रेस सिस्टर म्हणाल्या, "माँ आई थी? मिलवाया भी नहीं?"

"जल्दी में थीं सिस्टर."

आणखी एक.

१ मार्च, रविवार

चटणीचा डबा उघडवत नाही.

२ मार्च, सोमवार

सांगितलं.

आजींचे पाय चेपत होते. मध्येच थांबले. म्हटलं, "आजी, मी कुलकर्णी नाही. साळवे. आम्ही ख्रिस्ती. मी इथे सिस्टर व्हायला आलेय. परवा आल्या होत्या ना, ती माझी आई होती."

क्रूस बाहेर काढला. 

 मला वाटलं आता तो चेहरा येणार. आलाही. पाय त्यांनी चादरीखाली ओढून घेतले. पण मग उठून बसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "आई होती?"

"हो."

"आईला दारात उभं केलंस? अगं, आईला? भांडी घासते म्हणाली ती!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी माझी रीत सांभाळते, बरोबर असेल, चूक असेल. पण तू! तुझी तर जन्मदाती!"

मी खाली बघत चादर नीट करत राहिले. 

नंतर त्यांनी पाणी मागितलं. माझ्याकडे नाही — वॉर्डाच्या आयाबाईकडे.

२ मार्च, झोपण्याआधी

अमृताला कपडे वाळत घालताना गाठलं. सॉरी म्हटलं. राखेच्या बुधवारचं, ग्लासचं, सगळ्याचं.

ती चादर पिळत राहिली. "मुझे रोज़ लगता था, आज बोलेगी. रोज़. फिर मैंने सोचना छोड़ दिया."

"माफ़ कर दे."

"कर दूँगी. करना तो पड़ेगा, यही सीखने आए हैं न." चादर झटकली. "अभी नहीं होता, विनोदिनी."

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. काही हलकं वाटत नाही.

३ मार्च, मंगळवार

मिस्ट्रेस सिस्टरना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं. म्हणाल्या, या वेळी पांढरी साडी नाही. घरी पाठवत नाही, पण थांबायचं. किती, ते नंतर बघू.

मीही तेच मागणार होते. तरी रडले. पाचजणी पुढे जाणार, अमृताही. मी मागच्या बाकावर बसून बघणार. बरोबरच आहे.

शेवटी म्हणाल्या, "माँ को फ़ोन किया?"

नाही केला. काय बोलू? "आई, तू माझी आई आहेस" — हे फोनवर सांगायचं?

म्हणाल्या, होळी झाली की ऑफिसमधून कर.

४ मार्च

बाहेर रंग चाललाय. मंगलाताई आज घरी गेल्या. श्रीधरकाका व्हीलचेअर ढकलत होते. मी जिन्याजवळ उभी होते. त्यांनी मान हलवली — "येतो." ताई म्हणाले नाहीत. आजींनी पाहिलं नाही. की पाहिलं? फाटकापाशी खुर्ची जरा थांबली होती. पण तिथे खड्डा आहे.

५ मार्च, गुरुवार

फोन केला. सुमीतने उचलला. मी म्हटलं, आईला दे. तर म्हणाला, "झोपलीय. आधी तू सांग, तुमचे डॉक्टर काय म्हणाले? आई तर नीट सांगतच नाही."

"कसले डॉक्टर?"

"अगं, छातीतली गाठ! तुमच्या दवाखान्यात दाखवायलाच तर आली होती तिकडे. तुझी ओळख आहे म्हणून."

मी सिस्टरना म्हटलं, मला आत्ताच निघायचंय. आईला आणायला.